पुतळ्यांच्या पोटात

१९६७च्या ऑक्टोबरात व्होल्गोग्राडच्या मामायेव टेकडीवर ‘मातृभूमीची हाक’ या पुतळ्याचं अनावरण झालं. उगारलेली तलवार, मागं वळून हाक मारणारा चेहरा, वाऱ्यानं अंगाला चिकटलेलं वस्त्र. तलवारीच्या टोकापर्यंत मोजली तर उंची ८५ मीटर. त्या वेळी जगात याहून उंच पुतळा नव्हता. तलवार एकटीच ३३ मीटरची, आतून पोलादी आणि वरून टायटॅनियमचे पत्रे जडवलेली. व्होल्गेवरून वारा सुटला की हे पत्रे थरथरायचे, खडखडायचे. स्टालिनग्राडच्या लढाईत पडलेले सुमारे ३५ हजार सैनिक त्या टेकडीच्या पोटात पुरलेले आहेत. त्यांच्या डोक्यावर मातृभूमीची तलवार पत्र्याच्या छपरासारखी वाजते आहे, हे सोव्हिएत सरकारला परवडणारं नव्हतं. १९७२मध्ये ती उतरवून दुसरी बसवली. ही सबंध पोलादाची होती, आणि वारा आरपार जावा म्हणून पात्याला भोकं ठेवलेली होती.

मूर्तिकार येव्गेनी वुचेटिच. पुतळा उभा राहील की नाही याची काळजी वाहणारा माणूस वेगळा, अभियंता निकोलाय निकीतिन. मॉस्कोचा ५४० मीटर उंचीचा ओस्तान्किनो टीव्ही मनोरा त्याचाच, आणि तोही १९६७चाच. मनोरा आणि पुतळा, दोन्हींत युक्ती एक आहे: पोकळ काँक्रीटच्या आत ताणून धरलेले पोलादी दोर. पुतळ्याच्या आत खोल्याच खोल्या आहेत, भिंती वीतभराहून थोड्या जास्त जाडीच्या. पाय खाली कशातही रोवलेले नाहीत. हजारो टनांचं स्वतःचं वजन, तेच त्याला जागेवर धरून ठेवतं. टेकडीत पाणी मुरतं, जमीन किंचित सरकते आणि पुतळा किंचित कलतो. म्हणून तिथं वर्षानुवर्षं मोजमापं चालू असतात. २०१९-२०मध्ये मोठी डागडुजीही झाली.

उंच पुतळ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली हाक यादीला जाते. केवडियाचे सरदार पटेल १८२ मीटर, चीनमधला लुशानचा बुद्ध १२८, म्यानमारमधला मोन्यवाजवळचा बुद्ध ११६ आणि पुढं. यादी वाचायला मजा येते, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडते, आणि दर दोन-चार वर्षांनी ती जुनी होते. मला कुतूहल आहे ते या पुतळ्यांच्या पोटात काय असतं याचं. चेहरा मूर्तिकार घडवतो, अनावरण पुढारी करतात. मधलं सगळं सांगाडा, खिळे, सांधे, गंज आणि बिलं यांचं असतं. साधारण पंचवीस-तीस मीटरांच्या वर गेलात की पुतळा ही चेहरा चढवलेली इमारत होते. हे ज्यांनी मान्य केलं त्यांचे पुतळे टिकले, ज्यांनी केलं नाही त्यांचे अडचणीत आले, असं हा सगळा इतिहास चाळल्यावर वाटू लागतं.

पुतळ्याच्या पोटात शिरण्याची हौस जुनी आहे. उत्तर इटलीत मागियोरे सरोवराकाठी आरोना नावाचं गाव आहे. तिथं सेंट कार्लो बोरोमेओ या कार्डिनलचा तांब्याच्या पत्र्याचा पुतळा १६९८पासून उभा आहे. चौथऱ्यासकट सुमारे ३५ मीटर. आतल्या उभ्या शिडीनं चढत संताच्या डोक्यापर्यंत जाता येतं आणि त्याच्या डोळ्यांच्या भोकांतून सरोवर पाहता येतं. १८६९च्या सुमारास एक फ्रेंच शिल्पकार हा पुतळा नीट न्याहाळून गेला. त्याचं नाव ऑगस्त बार्तोल्दी. सुएझच्या तोंडाशी दीपगृहाच्या रूपातली एक भव्य स्त्री उभारायची त्याची योजना इजिप्तच्या खेदिवानं नुकतीच नाकारली होती. पुढं त्याला अमेरिकेसाठी दुसरी स्त्री घडवायला मिळाली.

स्वातंत्र्यदेवतेची उंची आजच्या हिशेबानं काही फार नाही. पायापासून मशालीच्या टोकापर्यंत ४६ मीटर, चौथरा धरून ९३. पण आजचे सगळे उंच पुतळे तिच्या पोटातून जन्मले आहेत. बार्तोल्दीनं आधी लहान नमुना केला, मग त्याहून मोठा, मग अकरा मीटरांचा. त्याचे भाग पाडून एकेक भाग पूर्ण आकारात प्लास्टरमध्ये वाढवला, त्यावर लाकडी साचे बेतले आणि साच्यांवर तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून आकार आणला. आपल्याकडचे तांबट हंडा-घागर याच पद्धतीनं घडवतात, तंत्रात मोठा फरक नाही. पत्र्याची जाडी फक्त २.४ मिलिमीटर. एवढ्या पातळ कातडीला समुद्राच्या वाऱ्यात उभं ठेवायचं काम गुस्ताव आयफेलकडं आलं. त्याचा मनोरा तेव्हा अजून व्हायचा होता.

आयफेलनं मध्यभागी लोखंडी मनोरा उभा केला आणि त्याला आडवे हात फोडले. त्या हातांना चपट्या, लवचीक लोखंडी पट्ट्या जोडल्या, आणि पत्रा या पट्ट्यांवर टांगला. टांगला हाच शब्द इथं बरोबर. पत्रा पट्ट्यांना घट्ट जखडलेला नाही. तांब्याच्या खोबणींत पट्टी सरकू शकते. उन्हानं तांबं फुगलं की पत्रा हलतो, वाऱ्यानं दाब दिला की पट्टी वाकते आणि परत येते. कातडी आपलं वजन सोडून बाकी कशाचाही भार घेत नाही. आज काचेनं मढवलेल्या प्रत्येक उंच इमारतीत हीच विद्या वापरलेली दिसते.

एक खोट मात्र राहिली. तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की लोखंड झपाट्यानं गंजतं. हे आयफेलच्या माणसांना ठाऊक होतं. म्हणून दोन्हींच्या मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस भरलं होतं. शंभर वर्षांत ते झिजलं, पाणी शिरलं. गंजून फुगलेल्या पट्ट्यांनी खोबणींचे रिव्हेट उपटून काढले. १९८४ ते ८६मध्ये देवतेला परांचीत गुंडाळून अठराशेहून जास्त पट्ट्या एकेक करून बदलल्या. नव्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या, मध्ये टेफ्लॉनचा थर. त्याच वेळी हेही लक्षात आलं की बसवताना डोकं जवळजवळ दोन फूट बाजूला सरकलेलं होतं आणि वाऱ्यानं हलताना मुकुटाचा एक किरण उजव्या हाताला घासत होता. लाखो लोकांनी पाहिलेला, पोस्टाच्या तिकिटावर छापलेला पुतळा, आणि डोकं जागेवर नाही हे शंभर वर्षं कुणाला जाणवलं नाही. इतक्या उंचीवरच्या चेहऱ्याकडं माणूस किती बारकाईनं पाहतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळायचा नाही.

पैशाचंही सांगायला हवं. पुतळा फ्रान्सनं दिला, चौथरा अमेरिकेनं बांधायचा होता, आणि त्याला पैसेच जमेनात. पेट्यांत भरलेली देवता निघायची वेळ आली तरी चौथरा अर्धवट. शेवटी जोसेफ पुलित्झरनं १८८५मध्ये आपल्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं कबूल केलं, मग रक्कम कितीही असो. लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखावर डॉलर दिले. बहुतेकांची वर्गणी एका डॉलरच्या आतली होती. पेपरचा खपही वाढला, हे ओघानं आलंच.

आता सरदारांकडं. केवडियाचा पुतळा आपल्याकडे प्रामुख्यानं राजकारणाच्या अंगानं बोलला गेला आणि ते साहजिकच आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ला अनावरण झालं त्या दिवशी आजूबाजूच्या आदिवासी गावांनी जमिनींच्या प्रश्नावर निषेध केला होता. सुमारे तीन हजार कोटींच्या खर्चावरची चर्चा तर संपलेलीच नाही. पण मराठी माणसाला या पुतळ्याकडं पाहायचं आणखी एक कारण आहे. त्याचे मूर्तिकार राम वनजी सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जन्म १९२५चा. आडनाव आणि घरचा धंदा एकच. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांच्या हातातली कला ओळखली, वळण दिलं आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तिथं त्यांना मेयो पदक मिळालं. पन्नासच्या दशकात पुरातत्त्व खात्यात नोकरी धरून ते अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या मूर्तींच्या डागडुजीवर होते. वेरूळला हातापायांची डागडुजी करणारा मुलगा म्हाताऱ्या वयात जगातला सर्वांत उंच पुतळा घडवतो, ही गोष्ट कादंबरीत घातली तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

सुतारांचं नाव झालं ते चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणावर. तिथं त्यांनी काँक्रीटच्या एकाच ठोकळ्यातून ४५ फुटांची चंबळमाता छिन्नीनं कोरून काढली. सोबत दोन मुलगे, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. सरदारांच्या मानानं ती चिमुकलीच. पण तिच्यातला प्रत्येक उंचवटा त्यांच्या हाताखालून गेला आहे. माझं मत विचाराल तर सुतारांचं सर्वांत मोठं काम केवडियाचं, आणि सर्वांत त्यांचं स्वतःचं काम चंबळेचं.

केवडियात हाताचं काम तीस फुटांच्या नमुन्यापाशी थांबलं. सरदारांची असंख्य छायाचित्रं पाहून चेहरा, खांद्यावरची शाल, धोतराच्या चुण्या, पायांतल्या चपला ठरवल्या गेल्या. पुढचा पल्ला संगणकाचा. नमुन्याचा प्रत्येक बिंदू मोजून तो आकार १८२ मीटरांपर्यंत वाढवला. इथं मूर्तिकार आणि अभियंता यांची खरी गाठ पडली. बहुतेक उंच पुतळे खाली रुंद असतात. बुद्ध कमळावर असतो, देवतेचा झगा जमिनीपर्यंत घोळतो. सरदार धोतर नेसून, चपला घालून, एक पाऊल पुढं टाकून चालले आहेत. दोन पावलांमध्ये ६.४ मीटरांची मोकळी जागा. म्हणजे सगळ्यांत अरुंद भाग नेमका तळाशी, जिथं सगळ्यांत जास्त भार यायचा. अभियंत्याच्या दृष्टीनं ही उभं राहायची पद्धतच चुकीची. पण सरदारांना झगा कसा घालणार?

उपाय असा काढला की दोन्ही पायांतून काँक्रीटचे दोन पोकळ खांब वर नेले. पर्यटकांच्या लिफ्ट याच खांबांतून छातीपर्यंत जातात. खांबांभोवती पोलादी सांगाडा, आणि सांगाड्यावर कांस्याचे हजारो पत्रे. आयफेलचीच विद्या, फक्त मधल्या लोखंडी मनोऱ्याच्या जागी काँक्रीट आलं. ताशी १८० किलोमीटरचा वारा गृहीत धरून हिशेब केला. नर्मदेच्या खोऱ्यातून येणारा वारा पुतळ्याला नुसता ढकलत नाही, तो पाठीमागं भोवरे सोडतो आणि त्यानं पुतळा झुलायला लागतो. म्हणून आत प्रत्येकी २५० टनांची दोन वजनं अशी बसवली आहेत की पुतळा एका बाजूला झुकायला लागला की ती विरुद्ध बाजूला जातात. लोहपुरुषाच्या अंगात समतोल राखणारी पाचशे टनांची सोय आहे, हे वरच्या सज्जात सेल्फी काढणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना ठाऊक नसतं आणि असायची गरजही नाही. तो सज्जा छातीच्या उंचीवर आहे. तिथून धरण छान दिसतं. सरदार अर्थातच दिसत नाहीत.

कांस्याचे पत्रे चीनमधल्या नानचांगच्या ओतशाळेत तयार झाले, यावरून गदारोळ झाला होता. बांधकाम करणाऱ्या लार्सन अँड टुब्रोनं सांगितलं की पत्र्यांची किंमत एकूण कामाच्या नऊ टक्क्यांहून कमी आहे. आकडा खरा असला तरी लोकांची तक्रार आकड्याबद्दल नव्हतीच. जे दिसतं तेच नेमकं बाहेरून आलं, हे लोकांना लागलं होतं. हैदराबादजवळचा रामानुजाचार्यांचा २१६ फुटी बसलेला पुतळाही चिनी कंपनीनं बनवला. कारण साधं आहे. गेल्या तीस वर्षांत चीननं एवढे प्रचंड बुद्ध आणि एवढे सेनापती उभे केले की पत्र्याचे पुतळे हा तिथं एक उद्योगच झाला.

उंची मोजायची कुठून, हे एक वेगळंच प्रकरण आहे. जपानमधल्या उशिकूचा बुद्ध १९९३मध्ये पुरा झाला आणि पंधरा वर्षं जगात पहिला राहिला. उंची १२० मीटर. त्यातले दहा मीटर चौथऱ्याचे आणि दहा कमळाचे. चीनमधल्या हनान प्रांतातल्या लुशानच्या बुद्धाचे १२८ मीटर सांगतात, त्यातही वीस मीटर कमळाचे. खाली पंचवीस मीटरांची मठाची इमारत आहे, आणि त्याखालची टेकडीच पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यासारखी कापून काढली, ती धरून २०८ मीटर होतात. डोंगर मोजायची मुभा असेल तर आपल्या कळसूबाईच्या देवळाचाही विचार व्हावा.

आपल्याकडेही हा खेळ झाला. मुंबईच्या समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ला झालं. लुशानला मागं टाकायचं, मग केवडियाला मागं टाकायचं, अशी चौथऱ्यासकट उंची वाढत वाढत २१२ मीटरांवर गेली. २०१८मध्ये बातम्या आल्या की खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मूळ पुतळा ८३.२ मीटरांवरून ७५.७ मीटरांवर आणला आहे आणि तलवार ३८ मीटरांवरून ४५.५ मीटरांची केली आहे. बेरीज तीच, १२१.२. महाराज साडेसात मीटर उतरले आणि तेवढीच तलवार चढली. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवायला सांगितलं, त्यानंतर समुद्रात काही उभं राहिलेलं नाही. व्होल्गोग्राडची ३३ मीटरांची तलवार वाऱ्यात कशी वाजली होती, हे आठवल्यावर अरबी समुद्रातल्या ४५ मीटरांच्या पात्याचा विचार कुठल्या अभियंत्याला स्वस्थ झोपू देईल, कोण जाणे.

उंच मूर्ती आपल्याला नवी नाही. लालबाग-परळच्या कारखान्यांत वीस-पंचवीस फुटांचे गणपती पिढ्यान् पिढ्या होत आहेत, आणि ते करणारे कारागीर सांगाडा आणि तोल यांबाबत भल्याभल्यांना धडे देतील. पण त्या मूर्तीचा मुक्काम अनंत चतुर्दशीपर्यंतच असतो. तिला दुसरा पावसाळा पाहायचा नसतो. कायमच्या पुतळ्याला तो दर वर्षी पाहायचा असतो. त्याची तजवीज कुणी केली नाही तर काय होतं, ते जपानमधल्या आवाजी बेटावर दिसलं.

त्या बेटावर जन्मलेल्या आणि जमीनजुमल्याच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या एका गृहस्थानं १९८२मध्ये गावात शंभर मीटर उंचीची ‘विश्वशांती कान्नोन’ उभारली. वीस मीटरांची पाच मजली इमारत, तिच्यावर ऐंशी मीटरांची पांढरी देवी. देवीच्या गळ्याभोवती फिरता येईल असा गोल सज्जा केला होता. लोक म्हणत, देवीला मानेचा पट्टा लागला आहे. आत संग्रहालय आणि उपाहारगृह होतं. १९८८मध्ये मालक वारले, २००६मध्ये त्यांची बायको वारली, आणि दार बंद झालं. वारसांनी हा वारसा घ्यायला नकार दिला. कोण घेईल? देवळाचा परंपरागत भक्तगण नाही, तिकिटाचं उत्पन्न नाही, वादळात भिंतीचे तुकडे खाली घरांवर पडताहेत. शेवटी कायद्यानं बेवारस म्हणून २०२०मध्ये ती देवी जपान सरकारच्या गळ्यात पडली. २०२१मध्ये वरून खाली तोडत आणायला सुरुवात झाली. खर्च सुमारे ८८ कोटी येन, करदात्यांचे.

चीनमधल्या चिंगचौ शहरातली गोष्ट अधिक मासलेवाईक. तिथं २०१६मध्ये क्वान यू या लोकदेवता झालेल्या सेनापतीचा ५७ मीटरांचा, बाराशे टनांचा पुतळा झाला. हातात भाला-तलवारीचा संकर असलेलं प्रसिद्ध शस्त्र, अंगावर चार हजारांहून जास्त कांस्यपट्ट्या. शहर ऐतिहासिक असल्यानं त्या भागात इमारतीच्या उंचीला २४ मीटरांची मर्यादा होती. मग परवानगी मिळाली कशी? कागदावर मंजुरी फक्त चौथऱ्याच्या इमारतीला होती. वरचा सेनापती ही इमारत नसून कलाकृती आहे, सबब त्याला परवानगी लागत नाही, असा स्थानिक अधिकाऱ्यांचा पवित्रा. नगरपालिकेच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. २०२०मध्ये केंद्रीय मंत्रालयानं कान उपटले आणि पुतळा हलवायचा हुकूम निघाला. उभारायला १७ कोटी युआन लागले होते, हलवायला साडेपंधरा. पुढच्या वर्षी सेनापतीचे भाग सुटे करून आठ किलोमीटरवर नेले.

कर्ता-करवित्यांची आणखी दोन उदाहरणं पटकन सांगतो. सेनेगलच्या डकारमधलं ४९ मीटरांचं ‘आफ्रिकी पुनरुत्थान’ स्मारक २०१०मध्ये उत्तर कोरियाच्या कंपनीनं बांधलं. कल्पना माझी, तेव्हा उत्पन्नाचा ३५ टक्के वाटा माझा, असा दावा खुद्द राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी केला. याच्या उलट बालीतले शिल्पकार न्योमान नुआर्ता. त्यांचं गरुडारूढ विष्णूचं शिल्प नव्वदीच्या दशकात सुरू झालं, आर्थिक संकटात अडकलं, आणि २०१८मध्ये पुरं झालं. चौथऱ्यासकट १२१ मीटर. वीस-पंचवीस वर्षं एकाच मूर्तीमागं लागलेला माणूस या सगळ्या यादीत मला तरी दुसरा सापडला नाही.

मालवणबद्दल लिहिताना हात जड होतो. राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी झालं. उंची ३५ फूट, म्हणजे जगाच्या यादीत कुठंच न बसणारी. २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता, असं सुरुवातीला सरकारकडून सांगण्यात आलं. कोकणात श्रावण-भाद्रपदात याहून जोराचा वारा सुटतो आणि नारळाची झाडं उभी राहतात. पुतळा कोसळण्याच्या आठवडाभर आधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवण कार्यालयानं पत्र लिहून कळवलं होतं की पुतळ्याचे नट-बोल्ट पावसानं आणि खाऱ्या वाऱ्यानं गंजले आहेत. कला संचालनालयाकडून सांगण्यात आलं की मान्यता सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला दिली होती; प्रत्यक्षात किती उंच होणार हे कळवलं गेलं नाही. चौकशी समितीनं गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांवर बोट ठेवलं.

सहा फुटांच्या नमुन्यात चेहरा पाहता येतो, बोल्ट पाहता येत नाही. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. त्याच्या पायात शिसं ओतलं होतं, हे कोकणातल्या शाळकरी पोराला ठाऊक असतं. साडेतीनशे वर्षांमागं खाऱ्या पाण्याचा विचार झाला होता.

नवा पुतळा सुतारांच्या संस्थेनं घडवला. साठ फुटी, कांस्याचा, आणि ११ मे २०२५ला त्याचं लोकार्पण झालं. या वेळच्या निविदेत शंभर वर्षांची हमी आणि दहा वर्षांची देखभाल या अटी होत्या. शंभर वर्षांची हमी कोण तपासायला येणार, हा भाग सोडा. दहा वर्षांची देखभाल ही अट मला पूर्ण कामातली सर्वांत शहाणी ओळ वाटते. दादरला इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचा ३५० फुटी पुतळा शंभर फुटांच्या चौथऱ्यावर उभा राहायचा आहे. मूळ आराखडा अडीचशे फुटांचा होता, २०२०मध्ये शंभर फूट वाढवले. रचना सुतारांचीच. तिथंही समुद्र हाकेवर आहे. अनावरणाची तारीख सगळे विचारतात. मी असतो तर देखभालीचं कलम वाचायला मागितलं असतं.

दगडाचं काय, असं कुणी म्हणेल. दगडाला सांगाडा नको, बोल्ट नको. पण दगडालाही पाणी खातं. सिचुआनमधला लेशानचा ७१ मीटरांचा बसलेला बुद्ध इसवी सन ७१३मध्ये कोरायला घेतला आणि ८०३मध्ये पुरा झाला. हायतोंग नावाच्या भिक्षूनं काम सुरू केलं. त्यानं जमवलेल्या देणग्यांत एका अधिकाऱ्यानं हिस्सा मागितला, तेव्हा डोळे काढून देईन पण बुद्धाचा पैसा देणार नाही म्हणत त्यानं खरोखर डोळे काढून दिले, अशी दंतकथा आहे. दंतकथेतसुद्धा टक्केवारी आहे. कोरणाऱ्यांनी बुद्धाच्या केसांच्या वळ्यांत आणि कानांमागं पन्हळी खोदून ठेवल्या, बाहेरून न दिसणाऱ्या. डोंगरावरून झिरपणारं पाणी त्यांतून निघून जातं. मूर्ती बाराशे वर्षं टिकली त्याचं बरंच श्रेय या पन्हळींना आहे. आपल्या बागलाणात मांगी-तुंगीच्या डोंगरात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६मध्ये प्रतिष्ठित झाली. तिचं वय अजून हिशेबात धरण्याजोगं नाही.

श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फुटांचा. सरदारांच्या पावलापाशीच संपेल. पण मांड्यांच्या वर त्याला कसलाही आधार नाही, एकाच ग्रॅनाइटमधून मोकळा उभा आहे, तोही इसवी सन ९८१च्या सुमारापासून. त्याच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर मराठी ओळही कोरलेली आहे. मराठीतला आद्य शिलालेख म्हणून ती आपण शाळेत शिकलो. अक्षीचा लेख आधीचा मानणारे अभ्यासकही आहेत. त्या ओळीत एवढंच सांगितलं आहे की हे चामुंडरायानं करवून घेतलं. तो गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. कोरणाऱ्याचं नाव परंपरा अरिष्टनेमी सांगते, पायाशी मात्र ते नाही.

या मूर्तीला एक सोय लाभली जी वर सांगितलेल्या एकाही पुतळ्याला नाही. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो, आणि डोक्यावर कलश ओतायचा तर डोक्यापर्यंत परांची बांधावीच लागते. म्हणजे खांद्यावरची चीर, कानामागचं शेवाळ, डोक्यावरचा डाग हे सगळं दर तपाला माणसाच्या हाताच्या अंतरावर येतं. दूध, तूप, हळदीचा मारा दगडाला सोसतो का, यावर वाद होऊ शकतो. मूर्ती पुरातत्त्व खात्याकडं असल्यानं अभिषेकाच्या आगेमागे साफसफाई आणि पाहणीही होते. देखभालीचं कलम इथं कुणी निविदेत घातलं नाही, ते पंचांगात आलं. मागचा अभिषेक २०१८च्या फेब्रुवारीत झाला. पुढचा २०३०मध्ये आहे, आणि परांची त्याच्या बरीच आधी चढायला लागेल.